माडीच्या फळ्या

११ जानेवारी

किसनरावांनी आज स्पष्ट सांगितले. होळीच्या आत माडी रिकामी करा, इमारत पाडायची आहे. खाली त्यांचे धान्याचे दुकान आहे, वर आम्ही. मेहकर रस्त्यावरचे आमचे घर जवळजवळ तयार आहे, तेव्हा वाईट वाटण्याचे कारण नाही. चिखली सोडावी लागत नाही, कॉलेजही जवळच राहते.

नव्या घराच्या निमित्ताने लिहायला सुरुवात करतो आहे. रोज जमणार नाही.

आमची लेक खेमा गेल्या पौर्णिमेला वर्षाची झाली. जिन्यावर माझे पाऊल पडले की ती दाराकडे तोंड करून बसते. आज मुद्दाम चपला हातात घेऊन वर आलो. तरी वळलेलीच होती. दीपमालाला म्हणालो, "कान पाह्य पोरीचे. अनवाणी पाऊल ऐकते."

दीपमाला वांगी चिरत होती. तिने विळीवरून मान वर केली नाही.

१४ जानेवारी

दीपमालाने आज जुना विषय पुन्हा काढला. खेमाला ऐकू येत नसावे, ही तिची शंका दिवाळीपासूनची आहे. ती शंका मी तेव्हाच दूर केली होती. आमच्या गावी लेकराचा कान पाहायचा असला की पाठीमागे थाळी वाजवतात. आई फोनवर म्हणाली होती, "थाळी वाजवून पाह्य, आन् मोकळा होय." मी खेमाला खाली बसवले, तिच्या पाठीमागे गुडघे टेकले आणि गुडघ्याला लावलेल्या थाळीवर उलथणे मारले. खेमा वळली.

"थाळीचा कवडसा भिंतीवर पळाला," दीपमाला म्हणाली. "तिनं तो पाह्यला."

आक्षेप रास्त होता. प्रकाश ध्वनीच्या कितीतरी आधी पोचतो. म्हणून खिडकी लावली, पुन्हा गुडघे टेकले, पुन्हा थाळी वाजवली. खेमा वळली. पुन्हा वाजवली, पुन्हा वळली.

आज या सगळ्याची तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, "एकदा डॉक्टरले दाखवलं तं काय बिघडते?"

"मी पदार्थविज्ञान शिकवतो, दीपमाला."

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

१९ जानेवारी

अकरावीला ध्वनीचे प्रकरण. हे मला नेहमी आवडते. लांब बाकाच्या एका टोकाला मुलांना कान टेकवायला लावले आणि दुसऱ्या टोकाला टाचणीने ओरखडा काढला. कान उचलला की काही नाही, टेकवला की करवत चालल्यासारखे. डिंपल नावाची हुशार मुलगी आहे. ती म्हणाली, "सर, म्हणजे हवेतून काहीच आलं नाही. जे आलं थे लाकडातून आलं."

तिला शाबासकी दिली. तेच शब्द फळ्यावर लिहिले.

घरी आलो तेव्हा दीपमाला खेमाला उचलायला वाकत होती. वाकण्याआधी तिने जमिनीवर टाच मारली. ही सवय तिला अलीकडे लागली आहे. दुसरी सवय दिव्याच्या बटणाची. खोलीत शिरताना बंद-चालू, बंद-चालू. मी बोललो. गुरांना हाकल्यासारखी टाच मारू नये आणि दिवा असा खेळवला तर टिकत नाही.

"बरं," ती म्हणाली.

२ फेब्रुवारी

रोहिणखेडजवळ दीपमालाच्या चुलतबहिणीचे लग्न. मेहुणा प्रज्वल याचा साउंडचा धंदा आहे. वरातीला त्याचीच गाडी होती. माणसाच्या छातीइतके उंच लाकडी डबे, एकावर एक रचलेले.

"भाऊजी, हे बेसचे. गाणं कानात नाही, बरगड्यात वाजते."

"अभ्यासक्रमात आहे," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला आणि माझ्या कडेवरची खेमा काढून घेतली. गाडीच्या आसपास जितकी तान्ही लेकरे होती ती सगळी रडत होती. एका बाईने तर लेकराचे डोके पदरात गुंडाळून पळ काढला. मंडपातले एक आजोबा कानात बोटे घालून उभे होते. आणि आमची खेमा! तिने दोन्ही तळवे डब्यावर ठेवले, मग गाल ठेवला आणि हसायला लागली. इतकी हसताना मी तिला पाहिलेले नाही. काढून घेतली तर रडली.

"पोरगी मामावर गेली बे!" प्रज्वल गाडीवरच्या पोरांना ओरडून म्हणाला. "हिले ऑपरेटर करतो."

दीपमाला मात्र लांबून पाहत उभी होती. सगळे हसत होते, ती हसली नाही. माहेरच्या लग्नात असे उभे राहणे बरे दिसत नाही. मी तिला तसे सांगितले.

५ फेब्रुवारी

नवे घर. मुरूम भरून पक्की केलेली जमीन, वर पांढऱ्या फरश्या. आता उंदीर नाही, करकर नाही. आम्ही चाललो तरी पावलांचा आवाज होत नाही. माडीवर एक माणूस चालला की मांडणीतली भांडी वाजत.

८ फेब्रुवारी

तीन दिवस मी संध्याकाळी येतो आणि खेमा दाराकडे वळत नाही. नव्या जागेची भीती असेल.

९ फेब्रुवारी

थाळी वाजवली. वळली नाही.

खिडकी लावली, गुडघे टेकले, सगळे पूर्वीसारखे केले. इतक्या जोराने वाजवली की शेजारच्या तानुबाई फाटकाशी येऊन विचारत्या झाल्या, "काय झालं सर?" खेमा चमच्याशी खेळत राहिली.

दीपमाला दारात होती. तिने पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. मला राग आला.

१० फेब्रुवारी

आता स्पष्ट आहे. जानेवारीअखेर ती वळत होती, आता वळत नाही. मधे काय झाले? वरात झाली. डब्यापाशी एकशे पंधरा डेसिबल तरी असतील. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते, हे मी दरवर्षी सांगतो. अंतरच ठेवले नाही तर काय होते, हे सांगण्याची वेळ येत नाही. तिचा गाल डब्याला लागलेला होता आणि मी शेजारी उभा राहून हसत होतो.

कानाच्या आत केसांसारख्या पेशी असतात. लाट आली की त्या वाकतात. फार मोठी लाट आली की पुन्हा उभ्या राहत नाहीत.

आज शिकवता आले नाही. मुलांना गणिते दिली आणि खिडकीशी उभा राहिलो.

१२ फेब्रुवारी

प्रज्वलला फोन केला.

"माझ्या पोरीचे कान नेले तू."

"भाऊजी? काय बोलून राह्यले?"

"वरातीपासून तिले ऐकू येत नाही."

मागे कुठेतरी मोटार चालू होती, तेवढी ऐकू येत होती. मग म्हणाला, "पोरगी हासत होती हो. मले वाटलं, तिले आवडलं."

"तुले धंद्यापुढं काही दिसते का?"

"भाऊजी, मी तिचा मामा आहो."

मी फोन ठेवला. दीपमाला म्हणाली, "त्याले काऊन बोलले? त्याचा काही संबंध नाही."

"मग कोणाचा आहे?"

ती भावाची बाजू घेत होती. मी तेही बोलून दाखवले.

१४ फेब्रुवारी

इथल्या बालरोगतज्ज्ञांनी कान तपासले, पडदा ठीक आहे म्हणाले. आतली तपासणी संभाजीनगरला होते. लेकराला झोपवून डोक्याला तारा लावतात आणि आवाज दिल्यावर मेंदूकडे काय जाते ते पाहतात. पंचवीस तारीख मिळाली.

मी त्यांना वरातीचे सांगितले. ते म्हणाले, "आधी तपासणी होऊ द्या, सर."

रात्रभर वाचत होतो. मोठ्या आवाजाने दुखावलेला कान कधीकधी विश्रांतीने परत येतो. पूर्ण शांतता लागते. अकरा दिवस आहेत.

१५ फेब्रुवारी

घर शांत केले. खेमाच्या कानात कापूस. समोरच्या दोन्ही खिडक्यांवर दुलया ठोकल्या, कारण रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात. मागची खिडकी गादी उभी करून बुजवली. मिक्सर बंद, टीव्ही बंद. कुकरऐवजी पातेल्यात डाळ. तानुबाईंना सांगून आलो की अंगणात कपडे आपटू नका. त्या चकित झाल्या, पण हो म्हणाल्या. दीपमालाला सांगितले, बोलायचे तर कुजबुजत.

"कोणासाठी?" तिने विचारले. तेही मोठ्यानेच.

१७ फेब्रुवारी

ध्वनी अडवणे सोपे नाही. तो कोपऱ्यावरून वळतो, फटीतून आत पसरतो. प्रकाश बिचारा सरळ चालतो. एक दुलई लावली की संपला. खोलीत दुपारीसुद्धा हाताने चाचपत चालावे लागते. दिवा मी लावू देत नाही. त्याच्या ट्यूबची घूं घूं असते.

खेमा रडते. दिवसभर रडते. माडीवर ती रडकी नव्हती. उचलून घेतली की माझा चेहरा हातांनी शोधते, ओठांवर बोटे ठेवते. मी "खेमा, खेमा" असे अगदी हळू म्हणतो. तेव्हा थोडा वेळ गप्प होते.

कानाला आराम पडत असेल तर तो आतून दुखत असेल. रडणे म्हणजे सुधारणेची खूण असू शकते.

१९ फेब्रुवारी

कॉलेजातून रजा घेतली. बारावीची परीक्षा तोंडावर आहे, प्राचार्य नाराज झाले. मी काय सांगणार? घरात अंधार आहे, तो सोडून येता येत नाही, असे?

आई फोनवर म्हणते, गावाकडे घेऊन ये. गावाकडे बैल आहेत, भोंगे आहेत. नाही म्हटले.

खेमा जेवत नाही. घास तोंडापाशी नेला की दचकते. कोण आले, कुठून आले, तिला कळत नसावे. वजन कमी वाटते आहे.

२१ फेब्रुवारी

आज दीपमालाने दुलया फाडल्या. काढल्या नाहीत, फाडल्या. खिळ्यांसकट गिलावा आला.

मी "हळू, हळू" म्हणत होतो. ती किंचाळली, "हळू काऊन? कोण आयकून राह्यलं इथं?"

खोलीत ऊन आले. खेमा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने डोळे मिटले, मग उघडले, आणि उन्हाकडे रांगत आली. उन्हाच्या चौकोनात बसून स्वतःचे हात पाहत राहिली.

"पाह्य आता," दीपमाला म्हणाली. तिने खेमाच्या कानातला कापूस काढून टाकला. मग ती खेमाच्या पाठीमागे, दारापाशी गेली आणि दिव्याचे बटण दाबले. बंद, चालू. भरदुपार होती, तरी खेमा वळली. आईला पाहून तिने दोन्ही हात वर केले.

"समजलं?"

डोळे शाबूत आहेत, एवढे समजले. मी तसे म्हणालो. दीपमाला खेमाला कडेवर घेऊन तानुबाईंकडे गेली. परत आली तेव्हा खेमाच्या ओठांना भात लागलेला होता.

शांततेचे सहा दिवस. अजून चार मिळाले असते.

२५ फेब्रुवारी, संभाजीनगर

खेमाला औषध देऊन झोपवले. कपाळावर एक आणि दोन्ही कानांमागे एकेक चकती चिकटवली. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या. मी शिक्षक आहे म्हटल्यावर त्यांनी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला.

"कानापासून वर जाताना लाटा उठतात, सर. पाच दिसायला पाहिजेत. पाचवी महत्त्वाची. आवाज कमी करत गेलं तरी ती शेवटपर्यंत टिकते."

मी पडद्याकडे पाहत होतो. बाई आवाज वाढवत गेल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "यंत्राची मर्यादा आली." पडद्यावर बारीक थरथर होती, वीजप्रवाहाची असते तशी. लाट नव्हती. पाचवी नाही, पहिलीही नाही. दुसऱ्या कानालाही तेच.

मी वरातीचे सांगितले. डब्याची उंची, अंतर, डेसिबल, सगळे.

त्यांनी ऐकून घेतले. "एका वरातीनं असं होत नाही, सर. हे जन्मापासूनचं दिसतंय."

"पण ती वळायची. मी थाळी वाजवून पाहिलं होतं."

"कशावर बसलेली होती?"

मी म्हणालो, जमिनीवर.

"कसल्या जमिनीवर?"

दीपमाला म्हणाली, "लाकडाच्या. माडी होती."

बाईंनी मान हलवली आणि कागदावर लिहायला लागल्या. आधी कानामागचे मशीन लावून पाहायचे, मग कानाच्या आत बसवायचे यंत्र. सरकारी योजनेतून होते, नंबर लागतो. जितके लवकर तितके बरे. दिवाळीतच आला असता तर, असे त्यांनी म्हटले नाही. मीच म्हटले, मनात.

परतीच्या एसटीत खेमा खिडकीशी होती. काच थरथरत होती. तिने काचेला गाल लावला आणि हसली. हे हसू मी आधी पाहिले आहे.

देऊळगाव राजा गेल्यावर मी विचारले, "तुले केव्हापासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं ना. तुम्ही थाळी आणली."

पुढच्या थांब्यावर तीच म्हणाली, "मलेही वाटलं, खरं असन. तुम्ही शिकवता हे सगळं. रोज वाटे, आज माझं चुकलं पाह्यजे. टाच मारत होते आन् मनात म्हणत होते, ही टाच आयकून नाही वळली, मले आयकून वळली."

२७ फेब्रुवारी

खेमाला घेऊन किसनरावांकडे गेलो. पुढची भिंत उतरवली होती. माडीची अर्धी जमीन उरली होती.

"सर, वर काय ठेवलं आता?" किसनराव म्हणाले. "विसरलं काही?"

"हो," म्हणालो.

खेमाला फळ्यांवर बसवले. मी मागे उतरवलेल्या दगडी भिंतीच्या माथ्यावर उभा राहिलो, म्हणजे माझा भार फळ्यांवर येणार नाही. थाळी आणली होती. ती सावलीत, हवेत धरली आणि वाजवली. खालचे मजूर काम थांबवून वर पाहू लागले. खेमा वळली नाही.

मग फळीवर गुडघे टेकले. दिवाळीत टेकले होते तसेच. थाळी गुडघ्याला लावून वाजवली.

ती वळली. मला पाहून हात वर केले.

तिथेच बसून राहिलो. बाकावर टाचणी ओढणारा मी. डिंपलला शाबासकी देणारा मी. लाकडातून जे आले ते आवाज म्हणून मी मोजले. आणि फरशीवर ते येईनासे झाले तेव्हा तिच्या मामाला चोर ठरवून तिच्याकडे उरलेला उजेडही काढून घेतला. सहा दिवस.

किसनराव जिन्यातून डोकावले. "बरं हाये ना सर?"

"या फळ्या कोणाले देणार?"

"सरपणाले. कीड हाये त्याइले. काऊन?"

"मले द्या."

२८ फेब्रुवारी

प्रज्वलला फोन केला. वाक्य पाठ केले होते, ते म्हणता आले नाही. "तुझं काही नव्हतं. जन्मापासून आहे," एवढेच म्हणालो.

तो रडला. मला वाटले सुटल्याचे रडणे असेल. पण तो म्हणाला, "म्हणजे तिले कधीच आयकू आलं नाही का? एकबी गाणं?"

नाही म्हणालो.

"मी डबे झाकून ठेवले, भाऊजी. लग्नाच्या तीन तारखा सोडल्या. हात लावू वाटेना."

मग मी फळ्यांचे सांगितले. त्याने एकदाही कशाला म्हणून विचारले नाही. "गाडी घेऊन येतो. कुठं उभी करू तेवढं सांगा."

३ मार्च

मशीनसाठी माप देऊन आलो. कागद भरून दिले. नंबर केव्हा लागेल ते कोणी सांगत नाही. बसवल्यावर किती ऐकू येईल तेही कोणी सांगत नाही. शिकवायला वर्षे लागतात म्हणतात. पूर्वी अशा वेळी मी आकडा मागितला असता.

४ मार्च

प्रज्वलच्या साउंडच्या गाडीतून फळ्या आल्या. पांढऱ्या फरशीवर लाकडी रिपा टाकल्या आणि वर फळ्या ठोकल्या. खाली पोकळी ठेवली. तानुबाई पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "एवढी चकचकीत फरशी झाकून टाकली, सर?" प्रज्वल म्हणाला, "मावशी, ही स्टेज आहे. भाची कार्यक्रम करणार आहे." मग मान खाली घालून खिळे ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला खेमा वळून त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या ते लक्षात आले तेव्हा हातोडी हातातच राहिली.

काम संपल्यावर खेमाला मधोमध बसवले. तिची पाठ माझ्याकडे होती. मी दारातून टाच मारली.

ती दचकून आडवी झाली आणि रडायला लागली.

दीपमालाने तिला उचलले, पाठीवरून हात फिरवला, पुन्हा जागच्या जागी बसवले. मग माझ्याकडे पाहिले.

"एवढ्या जोरात कोणी हाक मारते का?"

मी पाय उचलला. बराच वेळ तसाच ठेवला. मग हळू टेकवला.